स्नेक ईटेड मी! : इंग्लिशचा तास, गेम्स आणि तुमचे प्रश्न

इंग्लिशच्या तासाला गेम्स, पॉइंट्स वापरण्यावरून बरेच मेसेज आलेत, एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळा, पाचवी, ३८ मुलं. टॅब नाहीत, नेटचा भरवसा नाही. हे गेमिफिकेशन (म्हणजे शिकवण्यात खेळ, पॉइंट्स आणणं) आमच्या कामाचं आहे का?

आहे हो सर, आणि टॅब नसल्याने काही अडत नाही. व्हरांड्यात खडूने मोठी सापशिडी आखा, सोंगट्या म्हणून पोरंच उभी करा. नियम दोनच, शिडी चढायची तर इंग्लिशमध्ये एक वाक्य बोलायचं, आणि साप लागला की काय झालं ते सांगायचं. माझ्या वर्गात एक पोरगा होता, वर्षभर 'येस मॅडम'च्या पुढे न गेलेला, तो ९७ वर पोचला आणि सापाच्या तोंडी गेला, तर जोरात ओरडला, "स्नेक ईटेड मी!" वर्ग हसला, तोही हसला. मी तिथे टोकलं नाही, खेळ संपल्यावर फळ्यावर 'एट' (ate, ईटचा भूतकाळ) लिहिलं फक्त. दोन दिवसांनी तोच दुसऱ्याला झापत होता, "ईटेड नाय रे, एट!" त्याआधी भूतकाळाची रूपं मी तीनदा पाठ करून घेतली होती बरं का, तेव्हा काहीही डोक्यात शिरलं नव्हतं.

खो-खोसारखं पण करता येतं, बसलेल्याला प्रश्न विचारायचा, त्याने उत्तर दिलं की 'खो' देऊन त्याची जागा घ्यायची आणि तो पुढच्याकडे पळणार. आणि फोन एकच असेल तर प्लिकर्स नावाचं अ‍ॅप बघा, मुलांच्या हातात छापलेली कार्डं, उत्तराची बाजू वर धरायची आणि तुम्ही फोनने स्कॅन करायचं. प्रत्येकाच्या कार्डावरची नक्षी वेगळी असते त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही उपयोग नाही.

प्रश्न : दर शुक्रवारी कहूट (स्क्रीनवर उत्तर दाबायची ऑनलाइन क्विझ) घेते. तीच चार मुलं वर असतात, बाकीची आता न वाचताच काहीतरी दाबतात.

मॅडम, दाबणारच. कहूटचं गणित बघा, नेहमीच्या सेटिंगमध्ये पटकन बरोबर उत्तर दिलं तर १००० पर्यंत पॉइंट्स मिळतात आणि अगदी शेवटच्या सेकंदाला तेच बरोबर उत्तर दिलं तर जेमतेम ५००. म्हणजे जे पोर अक्षरं जुळवत जुळवत इंग्लिश वाचतं, ते सगळं बरोबर सोडवूनही मागेच राहणार! आपण इंग्लिश तपासतोय की बोटांचा स्पीड? टायमर वाढवा, प्रश्न आधी मोठ्याने वाचून घ्या आणि टीम मोड लावा, टीम दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदला. वर्गात लावलेला तो कायमचा नंबरांचा तक्ता असेल तर काढूनच टाका, खालच्या मुलाला तो रोज सांगत असतो की तू खाली आहेस.

प्रश्न : आता काहीही सांगितलं की आधी "किती पॉइंट्स सर?"

ही सवय आपणच लावतो, मी पण लावली होती. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतला १९७३ चा एक प्रयोग आहे, स्केचपेनने चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. नंतर बक्षिसाशिवाय पेनं समोर ठेवली तर ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं होतं त्यांचं मात्र असं झालं नाही. म्हणून जे मुलांना मुळात आवडतं, गोष्ट ऐकणं, गाणं म्हणणं, तिथे पॉइंट्स आणूच नका. जिथे तोंड उघडायचीच भीती असते तिथे द्या, तेही चुकलं तरी बोलल्याबद्दल. मग हळूहळू कमी करा, एकदम बंद केलेत तर बंड होईल :)

प्रश्न : मुलीची ड्युओलिंगोवर (भाषा शिकायचं अ‍ॅप) २०० दिवसांची स्ट्रीक आहे, पण पाहुण्यांसमोर एक वाक्य बोलत नाही.

स्ट्रीक म्हणजे रोज हजेरी लावली एवढंच, आणि स्ट्रीक फ्रीझ (दिवस बुडाला तरी स्ट्रीक न तुटण्याची सोय) असेल तर तीही चुकलेली चालते. सवय लागलीय ती मोडू नका. फक्त रोज एक वाक्य तिने आईला किंवा आजीला शिकवायचं असं ठेवा, आजीचा उच्चार सुधारताना ती आपोआप बोलेल. आणि पाहुण्यांसमोर बोलून दाखव म्हणणं आधी बंद करा प्लीज.

प्रश्न : बक्षीस काय द्यावं? चॉकलेटं परवडत नाहीत.

नकोच ती. 'आजचा अंपायर' करा, शिट्टी त्याच्या गळ्यात, पुढचा खेळ तो घेणार, सूचना इंग्लिशमध्येच. माझ्याकडे त्या शिट्टीसाठी भांडणं होतात, आणि भांडण इंग्लिशमध्ये केलं तरच मी ऐकून घेते.