गाणं शिकलेली नाही, तरी संगीत नाटकात जाऊ का?

प्रश्न: ताई, मी पावसला राहते, वय ४२, पतपेढीत नोकरी. रत्नागिरीतल्या एका हौशी संगीत नाटक मंडळाने बोर्ड लावलाय, नवीन मंडळी पाहिजेत, अनुभवाची अट नाही. देवळाच्या उत्सवातलं नाटक मी दरवर्षी पहाटेपर्यंत बसून बघते, पण गाणं शिकलेली नाही, लहानपणी दोन वर्षं पेटी शिकले तेवढंच. तिथे सगळे विशारद झालेले असतील, आपलं हसं होईल असं वाटतं. आणि रात्री परत यायचं कसं? जाऊ का?

उत्तर: जा. आणि गाण्याचा सराव करून मग जाते असं अजिबात म्हणू नका, तो सराव कधीच पुरा होत नाही, मी स्वतः असं म्हणत म्हणत चार वर्षं घालवली त्याचं अजून वाईट वाटतं. अहो अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल हे संगीत नाटक उभं केलं तेव्हा ते सरकारी नोकरीतच होते, म्हणजे ऑफिस सुटल्यावर तालमीला पळणारी तुम्ही काही पहिली नाही!

संगीत नाटकात सगळ्यांनाच गावं लागतं हा गैरसमज आहे. किर्लोस्करांचं सौभद्रच बघा, पदांचा म्हणजे नाटकातल्या गाण्यांचा मोठा भार अर्जुन, सुभद्रा, कृष्ण, नारद यांच्यावर, बाकी कितीतरी कामं गद्याची. शिवाय विंगेत किती माणसं लागतात! नऊवारी नेसवायला, रंगभूषेला, पडद्याला, आणि प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विंगेतून वाक्यं सुचवायला, तर खासच, कारण कुठल्या वाक्यावर पद सुरू होतं, गाणारा अजून एक आलाप घेणार की परत गद्यावर येणार, हे सगळं प्रॉम्प्टरला ओळखता यावं लागतं. आणि तुमची ती दोन वर्षांची पेटी! ऑर्गनवाला रोजच्या तालमीला येतोच असं नाही, तेव्हा नुसता सूर धरून बसणारं माणूस मिळालं तर मंडळ तुम्हाला सोडणारच नाही. त्यात नायक काळी एकच्या पट्टीत (पट्टी म्हणजे गाण्याचा मूळ सूर) गाणार आणि नायिका काळी चार-पाचच्या, मग एकाच प्रवेशात दोघांची पदं आली की पट्टी बदलायची घाई, ती तिथे बसूनच हाताला कळते. सहा महिने हे ऐकलंत की पद आपोआप गळ्यात उतरायला लागतं, मग एखादं छोटं पद मागून घ्या.

रात्रीचं मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा. पावसच्या बाजूला जाणारं कोणीतरी बाइकवाला-गाडीवाला असतोच, आणि नसेल तर मला साडेआठला निघावं लागेल असं सांगून टाका, त्यात लाजायचं काय.

प्रश्न: आमचं देवगड तालुक्यातलं छोटं मंडळ. गेल्या पावसाळ्यात पाच नवीन जण आले, दिवाळीपर्यंत एकही टिकला नाही. काय चुकतं?

उत्तर: तुम्ही पुढे लिहिलंय की आल्या आल्या प्रत्येकाला एक पद म्हणून दाखवायला सांगितलं. मला वाटतं तिथेच गेले ते. जुन्या दहा जणांसमोर, तबल्याच्या ठेक्यावर, अनोळखी पट्टीत, कोण बिचारा गाईल? आधी संहिता हातात द्या, वाचनाला बसवा, चहा द्या, नावाने हाक मारा. तिसऱ्या-चौथ्या तालमीला दोन वाक्यांचं का होईना पण पक्कं काम द्या, कारण नुसतं बघत बसणारा माणूस आंब्याच्या कलमाच्या कामाला किंवा घरच्या गणपतीला गेला की परत येत नाही, आणि ज्याचं काम आहे त्याला ओढ लागते. जुन्यांपैकी एकाने एका नवीन माणसाला धरायचं, उच्चार, पदन्यास, कुठे उभं राहायचं सगळं त्यानेच सांगायचं, दहा जणांनी दहा सूचना करायच्या नाहीत. राज्य संगीत नाट्य स्पर्धेला उतरणार असाल तर तेही आधीच सांगा, कोणाला सुट्टी टाकावी लागते. आणि तालमीचे वार, सुरू व्हायची आणि सुटायची वेळ बोर्डावरच लिहा, वर पावसच्या ताईंचं पत्र वाचा म्हणजे कळेल का ते.