रोमसाठी हातात एकच दिवस असेल तर
ताई, सासूबाईंना घेऊन क्रूझने जाताय आणि रोमचा एक दिवस कसा लावायचा असं विचारलंत, तर ऐका: क्रूझवाले रोम म्हणतात पण जहाज लागतं चिवितावेकिया बंदराला, तिथून रोम 70-80 किमी, गाडीने सव्वा-दीड तास धराच आणि येताना ट्रॅफिक लागतो तो वेगळा, म्हणून जहाजावर परतायची शेवटची वेळ आधी बघा आणि तिथून उलटा हिशोब लावा, बंदरावर दोन तास आधी पोचायचंच. जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, आपल्या प्रायव्हेट गाडीसाठी कोणी थांबत नाही. कोलोसियम आणि व्हॅटिकन म्युझियम दोन्ही एका दिवसात कोंबू नका प्लीज, सोबत सासूबाई आहेत ना, एकच आतून नीट बघा, बाकी ट्रेवी कारंजं वगैरे बाहेरून निवांत. रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार उघडं. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, पासपोर्टवरचंच स्पेलिंग टाका. ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे हं, आत येऊन माहिती सांगायला लायसन्सवाला गाइड वेगळा बुक करावा लागतो, आणि माझ्या मते तिथे पैसे वाचवूच नयेत. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, पर्समध्ये एक ओढणी टाका. रिकामी बाटली पण न्या, रस्त्यातल्या नळांना मस्त गार पाणी येतं, पिण्याचंच असतं.