'वाइंड' म्हणजे 'गुंडाळणे' असं पाठ करून घेऊ नका

तुमच्या मुलीने 'द रिव्हर वाउंड थ्रू द व्हॅली'चा अर्थ 'नदी दरीत जखमी झाली' असा लिहिला आणि वर्ग हसला, हे वाचून राहवलं नाही. ('वाइंड'चा भूतकाळ 'वाउंड' आणि जखमेचा 'वूंड', दोन्हींचं स्पेलिंग एकच: wound.) तिला सांगा, हीच चूक मी अडतिसाव्या वर्षी, पोटापाण्याच्या कामात केली होती.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही, तांत्रिक मजकूर मराठीत आणते. तेवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

एका विद्युत उपकरणांच्या कारखान्याची सुरक्षा-पुस्तिका अनुवादासाठी आली होती. मधल्या कार्यालयाने वाक्यं फोडून, अकारविल्हे लावून तक्ता पाठवला. 'डब्ल्यू'च्या ओळीत जखम धुणे, मग 'वाउंड कोअर', मग जखमेचं ड्रेसिंग. मधल्या ओळीचं मी 'जखमेचा मध्यभाग' केलं. खरं तर तो ट्रान्सफॉर्मरचा गाभा होता, पोलादाची लांब पट्टी गुंडाळून केलेला. (पत्रे एकावर एक रचून करतात तो वेगळा.) मला शंका आली होती, म्हणून मूळ पान मागितलं. उत्तर आलं, 'फाइल आहे तशीच करून द्या.' मी दिली. छापून झाल्यावर कारखान्यातल्या एका वायरमनच्या ते लक्षात आलं आणि फेरछपाईचा खर्च माझ्या बिलातून कापला. दोन महिन्यांची कमाई गेली. मूळ पान का दिलं नाही, हे त्या कार्यालयाने आजतागायत सांगितलेलं नाही. शब्द संदर्भातून उपटून अकारविल्हे लावणं हा अनुवादकावरचा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. आता मूळ पान दिसल्याशिवाय मी कामच घेत नाही.

आता शब्दाकडे. जुन्या इंग्रजीत क्रियापद 'विंडन', त्याचं कृदंत 'वुंडन'. जर्मनमध्ये 'विंडन' आजही आहे. 'एनडी'च्या आधीचा स्वर पुढे दीर्घ झाला आणि नंतरच्या शतकांत 'ई'चा 'आइ', 'ऊ'चा 'आउ' झाला. म्हणून मुलीला हे क्रियापद एकटं शिकवू नका. फाइंड-फाउंड, बाइंड-बाउंड, ग्राइंड-ग्राउंड, त्याच रांगेत वाइंड-वाउंड. रांग लक्षात राहिली की उच्चार चुकत नाही. जखमेचा 'वूंड' मूळचाच वेगळा शब्द आहे. त्यातला 'ऊ' तसाच राहिला, म्हणून लिहिताना दोन्ही सारखे दिसले तरी उच्चार वेगळे आहेत.

वाऱ्याचा 'विंड' (स्पेलिंग 'वाइंड'सारखंच, wind) तिसऱ्याच घरचा, आपल्या 'वात'चा नातेवाईक. गंमत म्हणजे तोही एके काळी 'वाइंड' असाच उच्चारला जाई. जुने कवी त्याचं यमक 'माइंड', 'काइंड'शी जुळवत. अठराव्या शतकात तो आखूड झाला, बहुधा 'विंडी'च्या प्रभावाने. 'विंडो' याच वाऱ्याची आहे, जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत, 'वाऱ्याचा डोळा'. आपल्या 'गवाक्षा'तही डोळाच आहे. हे विषयांतर झालं, पण मुलांना असं सांगितलेलं लक्षात राहतं.

अर्थाबाबत माझं मत जरा आग्रही आहे, पटलं नाही तर सोडून द्या. बहुतेक शाळकरी शब्दकोश 'वाइंड'पुढे 'गुंडाळणे' एवढंच देतात आणि तिथे मूल अडकतं. नदी कशी गुंडाळेल? मग ते जखमेकडे धावतं. त्यापेक्षा 'वळणे' द्या. आपण दोरी वळतो, लाडू वळतो, रस्ता वळतो, अंथरुणाची वळकटी करतो. 'वळसा' आणि 'वलय' याच कुळातले. इंग्रजी क्रियापदाची व्याप्तीही साधारण अशीच आहे: पिळणं, भोवती फिरणं, वाकडंतिकडं जाणं. वळणेचं जसं वळवणे, तसंच 'वाइंड'चं प्रयोजक रूप 'वेंड', आणि 'वेंट' हा 'वेंड'चा भूतकाळ. 'गो'ने तो उसना घेतला. विहिरीच्या रहाटासारखा जो 'विंडलस', तोही नॉर्समधला 'वळायचा दांडा'.

'वळणे' सगळीकडे चालेल असं मात्र नाही. घड्याळ 'वाइंड' करणं म्हणजे चावी देणं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात 'वाइंडिंग'च म्हणावं. 'वेटोळेकरण' वगैरे घडवलेले शब्द मी कारागिरांच्या तोंडी कधी ऐकले नाहीत. आणि 'वाइंड अप' जपून: घड्याळाच्या बाबतीत त्याने काम सुरू होतं, कंपनीच्या बाबतीत संपतं, कारण तिथे कारभार आवरून बंद करायचा असतो. बँकेच्या किंवा कोर्टाच्या कागदात हा शब्द दिसला तर वकिलाला विचारा, माझ्यावर विसंबू नका.

मुलीच्या वहीत 'नदी दरीतून वळणं घेत गेली' एवढं लिहून द्या. आणि परीक्षेत असा शब्द आला तर आधी त्याच्या पुढचा शब्द बघायला सांगा: 'थ्रू', 'अराउंड', 'अप' असेल तर बहुतेक वेळा ते क्रियापदच असतं.