सोसायटीने ‘कुत्रा-मांजर चालणार नाही’ असा ठराव केलाय. पुण्यात कायदा काय सांगतो आणि मालक म्हणून आमच्यावर काय काय येतं?

तुम्ही कळवलंय त्यानुसार फ्लॅट स्वतःचा आहे, सोबत एक लॅब्राडोर आणि एक मांजर आहे, आणि चेअरमन एजीएमच्या (वार्षिक सर्वसाधारण सभेच्या) ठरावावर बोट ठेवून बसलेत. फ्लॅट स्वतःचा आहे ते बरं. भाड्याने घेताना घरमालकाने करारात तशी अट घातली असती, तर ती पाळावीच लागली असती.

सोसायटीचं तसं नाही. बहुमताने ठराव झाला तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा बंदीची उपविधी (म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम) बेकायदा ठरवली. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे आणि केरळचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, हे समोरचा वकील सांगेलच. तरी दोन्ही कागद जोडून कमिटीला पत्र द्या आणि पोच घ्या. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर आवाज खाली येतो. नाहीच आला तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, पण ते लांबचं काम.

मी स्वतः आमच्या सोसायटीच्या कमिटीत होते आणि घरी कुत्राही आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगते. अमक्याने कुत्रा पाळला, अशी तक्रार क्वचितच येते. जिन्यात लघवी केली, पार्किंगमध्ये शी तशीच ठेवली, पट्टा न लावता लिफ्टमध्ये आणला, अशाच तक्रारी येतात. आणि त्या बऱ्याचदा खऱ्या असतात! मुंबईत तर २००६ च्या स्वच्छता उपविधींमध्येच रस्त्यावर प्राण्याने केलेली घाण न उचलल्याबद्दल ५०० रुपये दंड ठेवला होता. खिशात जुन्या पेपरचे तुकडे किंवा पिशवी ठेवायला काही जात नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते. कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो आणि तो वेळेवर नूतनीकरणही करावा लागतो. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांनाही परवाना लागू केला, हे पुष्कळ मांजरवाल्यांच्या गावीही नसतं. परवान्याचा खरा गाभा रेबीजची लस आहे. दाखल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि मग डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी बूस्टर. ‘आमची माऊ घराबाहेर जातच नाही’ हे कारण सांगू नका. मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो, आणि माऊ एखाद्या दिवशी दार उघडं राहिलं की जातेच. नसबंदीही करून घ्या, विशेषतः मांजराची. नाहीतर पिल्लं कोणाच्या गळ्यात मारायची हा प्रश्न वर्षातून दोनदा पडेल.

सगळ्यात जड भाग चावण्याचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली, आपल्या प्राण्यापासून कोणाला इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे नुसतं कागदावर नाही. वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये २०१८ मध्ये हस्की जातीचा कुत्रा शेजाऱ्याला चावला आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. शेजारी कुत्र्याला आत आणू नका म्हणत असताना मालकाने त्याला ओढून आत आणलं होतं. तेव्हा लिफ्टचा हक्क तुमचा असला तरी आत कोणी घाबरलेलं दिसलं, तर पुढची लिफ्ट घ्या. लॅब्राडोर गरीब असतो हे तुम्हाला माहीत, समोरच्या आजींना नाही.

याउलट प्राण्यालाच छळलं तर? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आकडा हास्यास्पद आहे, पण प्राणी सोडून देणं आणि अवाजवी वेळ आखूड साखळीने बांधून ठेवणं हे दोन्ही गुन्हेच आहेत. दोघं नोकरीला जाणार असाल तर दिवसभर गॅलरीत बांधायचा विचार सोडा. दुपारी कोणी फिरवून आणेल अशी सोय आधी बघा.

मांजरासाठी गॅलरीला जाळी लावाल तेव्हा ती आतल्या बाजूने लावा. बाहेरून लावली की इमारतीचं दर्शनी रूप बिघडतं म्हणून कमिटीला नवं निमित्त मिळतं.