करकपातीचे धनादेश आणि चिप कंपन्यांचा घसरलेला नफा

प्रश्न : २००१ साली अमेरिकेत अध्यक्ष बुश यांनी मोठी करकपात केली, तरीही त्याच वर्षी इंटेलसारख्या सेमीकंडक्टर (म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्या) कंपन्यांचा नफा कोसळला. ही करकपात अपयशी ठरली, असे म्हणता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चिप उद्योगाला सावरण्याच्या कसोटीवर ती अपुरी ठरली, मात्र मुळात ती त्यासाठी आखलेलीच नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. बुश यांनी आपली योजना डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे ऐन तेजीत, निवडणूक प्रचारात मांडली होती आणि तेव्हा तिचे समर्थन असे होते की सरकारकडे शिल्लक राहणारा पैसा करदात्यांचा आहे, तो त्यांना परत मिळावा. २००१ च्या सुरुवातीला मंदीची चाहूल लागताच तीच योजना मंदीवरचा उपाय म्हणून पुढे करण्यात आली. औषध आधी ठरले आणि रोग नंतर सापडला, ही माझी त्या राजकारणाबद्दलची मुख्य तक्रार आहे.

अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, दोन्ही पक्ष ५०-५० असे समसमान असल्याने १.६ लाख कोटी डॉलरचा मूळ प्रस्ताव १.३५ लाख कोटींवर आणावा लागला आणि ७ जून २००१ रोजी कायद्यावर सही झाली. बहुतेक सवलती पुढील अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार होत्या. त्या वर्षी लोकांच्या हाती पडले ते मुख्यतः व्यक्तीला ३०० आणि दांपत्याला ६०० डॉलरपर्यंतचे धनादेश. त्याआधी कर खात्याने घरोघरी पत्रे पाठवली आणि त्यांत हा कायदा काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) संमत केला व अध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली, असे आवर्जून नमूद केले. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत मात्र हे पैसे मुख्यतः खर्च करू असे सांगणारे सुमारे २२ टक्केच निघाले. बाकीच्यांचा कल बचतीकडे किंवा कर्ज फेडण्याकडे होता.

आता चिप कंपन्यांकडे वळू. २००० मध्ये सुट्या भागांची टंचाई असल्याने उपकरणे बनवणाऱ्यांनी गरजेपेक्षा जास्त, काही वेळा एकाच मालासाठी दोन-तीन ठिकाणी मागणी नोंदवली. डॉटकॉम (इंटरनेटवर धंदा करणाऱ्या) आणि दूरसंचार कंपन्यांची खरेदी आटली, तेव्हा ही फुगलेली मागणी रद्द झाली आणि माल गोदामात पडून राहिला. नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या एकट्या सिस्कोला सुमारे २२० कोटी डॉलरचा साठा तोट्यात दाखवावा लागला. जगभरातील सेमीकंडक्टर विक्री २००० मधील सुमारे २०,४०० कोटी डॉलरवरून २००१ मध्ये सुमारे १३,९०० कोटींवर आली.

विक्रीपेक्षा नफा कितीतरी अधिक घसरतो, हे या धंद्याचे वैशिष्ट्य इंटेलच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. विक्री ३,३७० कोटी डॉलरवरून २,६५० कोटींवर, म्हणजे सुमारे एकपंचमांशाने उतरली. निव्वळ नफा मात्र १,०५० कोटींवरून सुमारे १२९ कोटींवर आला. आधी विकत घेतलेल्या कंपन्यांचा खर्च आणि गुंतवणुकीतला तोटा हीही त्याची कारणे होती. परंतु अब्जावधी डॉलरच्या कारखान्याचा घसारा (झिजेपोटी दरवर्षी खर्चात धरली जाणारी रक्कम) चिप विकली गेली नाही म्हणून थांबत नाही, हे कारण प्रत्येक चिप उत्पादकाला लागू पडते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हने त्या वर्षी व्याजदर अकरा वेळा कमी करून ६.५ वरून १.७५ टक्क्यांवर आणला, तरीही दूरसंचार कंपन्यांची यंत्रखरेदी परतली नाही. मग कुटुंबाला मिळालेल्या ६०० डॉलरनी ती परतावी, ही अपेक्षाच अवास्तव होती.

या उद्योगाच्या दुखण्याच्या जरा जवळ जाणारी सवलत मार्च २००२ च्या कायद्यात आली : नव्या यंत्रसामग्रीच्या किमतीपैकी ३० टक्के रक्कम पहिल्याच वर्षी जादा घसारा म्हणून वजा करण्याची मुभा मिळाली आणि २००३ मध्ये ती ५० टक्के झाली. तथापि आहे तीच यंत्रे रिकामी असताना केवळ कर वाचतो म्हणून नवी यंत्रे घेणारे थोडेच असतात. जागतिक चिप विक्रीने २००० ची पातळी ओलांडायला २००४ साल उजाडले.