चढत नाही म्हणतोस ना, त्याचंच ऐक जरा

अरे,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पितोयस हे स्वतःहून सांगितलंस ते बरं केलंस, घरी मी काही बोलणार नाहीये, पण तू जे फुशारकीने लिहिलंयस ना, "सर मला चढतच नाही, रूमवरचे सगळे आडवे होतात आणि मीच त्यांना झोपवतो", मला त्यावरच बोलायचंय.

अठराव्या वर्षी चढत नाही यात तुझं कर्तृत्व काही नाही रे, वयच तसं असतं. पोरांना लॅबमध्ये बसवून दारू पाजता येत नाही म्हणून हे प्रयोग उंदरांवर झालेत. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत स्वार्ट्झवेल्डर आणि त्यांच्या टीमने नव्वदच्या दशकात बघितलं की तेवढ्याच दारूवर वयात येणारे उंदीर मोठ्या उंदरांपेक्षा उशिरा लुढकतात, पण जागा लक्षात ठेवायची वेळ आली की मोठ्यांपेक्षा जास्त गडबडतात. म्हणजे ब्रेक उशिरा लागतो आणि नुकसान आधीच सुरू झालेलं असतं. मोठा माणूस जिथे "बास, झोप आली" म्हणतो तिथे तू अजून एक भरतोस. ही कपॅसिटी मिरवायची गोष्ट आहे का सांग.

आणि "फक्त एक क्वार्टर" म्हणतोस. १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, हिशोब कर, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच उरकतं, त्यामुळे रात्री बाराला बसलास तर सकाळी सहा ते साडेआठपर्यंत ती अंगात असते. अमेरिकेत बिंज, म्हणजे एका बैठकीत अति पिणं, कशाला म्हणतात तर पुरुषाने दोनेक तासांत पाच ड्रिंक, त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं, एकूण ७० ग्रॅम. क्वार्टरवर अर्धी स्ट्राँग बिअर मारलीस की तू त्यात बसलासच. गटारी, थर्टी फर्स्ट आणि सबमिशन संपलं की एवढंच पितो म्हणून रोजच्या पिणाऱ्यापेक्षा आपण बरे असं समजू नकोस, कारण या वयात मध्ये मध्ये गॅप टाकून एकदम भरपूर पिणं हाच पॅटर्न उंदरांना देऊन बघितलाय.

त्यात काय दिसलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वयात येताना अशी दारू मिळालेले उंदीर मोठे झाले, दारू कधीचीच बंद झालेली, पाण्याच्या टाकीत लपवलेला प्लॅटफॉर्म शोधायला इतरांसारखेच शिकले. मग प्लॅटफॉर्मची जागा बदलली, तर हे आपले जुन्याच जागी घिरट्या घालत राहिले. शिकणं ठीक, पण शिकलेलं मोडून नवं धरणं जमेना. त्यामुळे "सर पण मार्क तर चांगले आहेत" हे मला सांगू नकोस, मार्कांत हे दिसतच नाही. दिसतं ते पुढे, जॉब बदलला, ब्रेकअप झालं, प्लॅन फसला, तेव्हा. शिवाय अशा उंदरांमध्ये मोठेपणी घाबरटपणाही जास्त राहतो आणि पिणंही जास्त. माणसाचं असंच सगळं होतं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण अमेरिकेत २०१२ पासून १२ ते २१ वयाच्या ८३१ मुलांचे मेंदू स्कॅन करत आलेत, आणि जी भरपूर प्यायला लागली त्यांच्यात मेंदूच्या पुढच्या भागातला ग्रे मॅटर (मेंदूच्या पेशींचा करडा थर) इतरांपेक्षा वेगाने घटताना दिसला. निर्णय घेणारा, स्वतःला आवरणारा हाच भाग, आणि तो पंचविशीपर्यंत तयार होत असतो. आपल्या महाराष्ट्रात हार्ड लिकरला कमीत कमी २५ वय ठेवलंय त्यावर तुम्ही पोरं हसता, मला तो आकडा फारसा चुकीचा वाटत नाही.

अजून एक, पार्टीत कुणाला फोन केलास ते सकाळी आठवत नाही म्हणालास, ते विसरणं नाहीये. हिप्पोकॅम्पसने, म्हणजे मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागाने, रेकॉर्डच केलं नाही. हे दोनदा झालंय म्हणतोस म्हणून काळजी वाटते.

काय कर? या सेमिस्टरपुरती पूर्ण बंद करून बघ. सोपं गेलं तर उत्तमच, नाही गेलं तर तेही कळेल, मग लपवू नकोस, १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, मी सोबत येईन. फक्त रोज पिणारा कुणी असेल आणि सोडल्यावर हात थरथरत असतील तर त्याने डॉक्टरशिवाय एकदम बंद करू नये, ते धोक्याचं असतं.

आणि तो तुझा रूममेट, जो पार आडवा होतो, त्याला "झोपू दे" म्हणून सोडून जाऊ नका. कुशीवर वळवा, एकजण जवळ बसा. लिंबूपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, ती श्वासनळीत जाते. हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर वॉर्डन काय म्हणेल याचा विचार न करता १०८ लावा, नंतर मला.