विचारा अक्कांना : पिशवी नंतर भरा, आधी म्हशीची सोय बघा

प्रश्न : अक्का, माझं माहेर जत तालुक्यातलं. लग्न होऊन वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आले. माहेरी टँकरची वाट बघत मोठे झालो आणि इथं जो तो पुराच्या गोष्टी सांगतो. मालक ट्रकवर असतात, घरी कमीच. घरात मी, दोन लहान पोरं, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या आत्याबाई, एक दुभती म्हैस आणि तिचं रेडकू. मोबाइलवर आपत्तीच्या पिशवीची यादी बघितली. डबाबंद अन्न, शिट्टी, बॅटरी, काय काय होतं. आत्याबाई म्हणतात, 2005 ला आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, 2019 ला आलं ते घोट्याएवढं, उगाच अभद्र बोलू नकोस. मी नेमकी काय तयारी ठेवू?

उत्तर : जतच्या लेकीला अडचणीत घर कसं चालवायचं ते मी काय सांगणार! एका घागरीत आंघोळ, भांडी आणि शेवटी परसातलं झाड भागवणारी माणसं तुम्ही. पण दुष्काळ सांगून येतो, महिनोन्‌महिने विचाराला वेळ देतो. पाणी चढायला लागलं की तेवढी सवड मिळत नाही. म्हणून पिशवी बाजूला ठेव आणि दोनच गोष्टी आत्ता ठरव. कुठं जायचं आणि काय कळलं की निघायचं.

आमच्या भिलवडी पट्ट्यात माणसं मागं राहतात ती दागिन्यांपायी नाही, जनावरांपायी. शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात माणसांची सोय होते. दावणीला म्हैस असली की घरातलं एक माणूस मागं राहतं, आणि तुझ्या घरात मागं राहणारं माणूस म्हणजे तूच. तेव्हा रोहिणी निघायच्या आत माळावरच्या एखाद्या ओळखीच्या घरी जा. दोन जनावरं बांधता येतील एवढी जागा मागून ये. रिकाम्या हातानं मागू नकोस. थोडा कडबा आणि मुरघासाच्या, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, दोन-चार बॅगा आधीच तिथं टाकून ठेव. साखर कारखाने बंद असल्यानं श्रावणात उसाचं वाडं मिळत नाही आणि पुरात भिजून बुरशी आलेला कडबा जनावराला घालायचा नसतो. टेम्पोवाल्याशीही आजच बोल. पाणी चढल्यावर गावातले सगळे त्याच एका टेम्पोला फोन लावतात.

आता कशावरून निघायचं. टीव्हीवर सांगलीच्या आयर्विन पुलाचे फूट सांगतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2005 ला पाणी 53 च्या वर गेलं, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला 54-55 च्या घरात. पण हा आकडा सांगलीकरांचा. तू सांगलीच्या वरच्या अंगाला आहेस, पाणी तुझ्या दारावरून पुढं सांगलीला जातं. तू कोयना धरणाचा विसर्ग ऐक. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, तिथून पाणी तुमच्याकडं येतं. धरण भरत आलंय, विसर्ग वाढवलाय आणि कराडकडं पाऊस थांबत नाही, हे तिन्ही एकदम ऐकलंस की आभाळाकडं बघत बसू नकोस. शिवाय खाली हरिपूरला वारणा आणि पुढं पंचगंगा तुंबलेली असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवट्यानं मागं पसरतं. ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. म्हातारा आणि आसळका, म्हणजे पुष्य आणि आश्लेषा, ही जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतची दोन नक्षत्रं डोळ्यात तेल घालून काढायची. तिन्ही मोठे पूर तेव्हाच आलेत.

गावातल्या कुठल्यातरी ठिकाणाची खूण धर. पूल, स्मशानभूमीचा कट्टा, खालचं देऊळ. तिथं पाणी लागलं की म्हैस आणि पोरं हलवायची, मग आणखी चर्चा नको. आमच्याकडं औदुंबरला दत्ताच्या देवळात पाणी शिरलं की माणसं भिण्याऐवजी पाया पडायला जातात. देव त्यांचं भलं करो. पण ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला नाव उलटली आणि आपली माणसं गेली, हे विसरायचं नाही. रस्ता कोरडा असताना निघालेल्याला नावेत चढावं लागत नाही.

एवढं ठरलं की सामानाला फार वेळ लागत नाही. डबाबंद अन्नाचं सोडून दे. दशम्या, कांदा-लसणाची चटणी, शेंगदाणे, गूळ, भडंग, पोरांना बिस्किटं. पाच-सात दिवस निभतात. आत्याबाईंच्या गोळ्या मात्र पंधरा दिवसांच्या जादा आणून ठेव, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो तुझ्या आणि मालकांच्या, दोघांच्याही मोबाइलवर असू दे. टॉवर आणि लाइट गेली की फोनवरचे पैसे चालत नाहीत, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेव. रेशनकार्ड, दाखले, पासबुक, सोसायटीची कागदं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. सातबारा बुडाला तरी ऑनलाइन पुन्हा निघतो, आईच्या हातची जुनी कागदं निघत नाहीत.

धान्य सगळं एका घरात ठेवू नकोस. हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली होती, 2005 च्या पाण्यानं त्यातली कितीतरी गेली. जुनी जागा आहे म्हणून ती सुरक्षित, असं पाणी मानत नाही. थोडी ज्वारी माळ्यावर, थोडी त्या माळावरच्या घरी.

म्हशीचं आणखी थोडं. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी टोचून घे. कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिही, जनावराचा फोटो काढून ठेव, भरपाईच्या वेळी तेच विचारतात. दाव्याला ओढली की सुटेल अशी गाठ मार. आणि खुंट्याजवळ कोयता टांगून ठेव. अगदीच वेळ आली तर दावं तोडून सोडायचं, म्हैस पोहते.

निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून टाकी खिडकीच्या गजाला बांधायची, नाहीतर ती तरंगत फिरते. परत आल्यावर घर धुवायची घाई करशील, बायका करतातच. आधी फोटो काढ, तलाठ्याचा पंचनामा होऊ दे, मग झाडू हातात घे. ओल्या वायरिंगवर मेन चढवायचं नाही. अडगळीत हात घालायच्या आधी काठी घाल. साप चावला तर बांधाबांध आणि मांत्रिक करत बसू नका, 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. विहिरीचं नि बोअरचं पाणी उकळूनच, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, आणून.

राहिल्या आत्याबाई. त्यांच्याशी वाद घालू नकोस. 2019 ला पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनाच विचार आणि भिंतीवर त्यांच्याच हातानं खडूची रेघ ओढून घे. मग फक्त विचार, याच्यापेक्षा हातभर वर आलं तर रेडकू कुठं बांधायचं? रेडकासाठी त्या तुझ्याआधी जागा शोधतील. आणि पावसाळ्यात चार दिवस पोरांना घेऊन तुझ्या माहेरी जायला तयार होतात का बघ. उन्हाळ्यात इकडचा चारा जतला जातो, पावसाळ्यात इकडच्या माणसांनी तिकडं जायला काय हरकत आहे!

प्रश्न : आमचं घर पाटण तालुक्यात डोंगराच्या पोटाला आहे. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून जे झालं त्यानंतर आईला पावसात झोप लागत नाही. काय करावं?

उत्तर : आईचं ऐका. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग, कललेला खांब किंवा झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा, दारं-खिडक्या अडकायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, उजेडात हलायचं आणि तलाठ्याला कळवायचं. काही दिसलं नाही तरी दिवसभर पाऊस कोसळतोय आणि थांबायचं चिन्ह नाही, अशी रात्र त्या घरात काढू नका. शाळेत झोपायला जाणार असाल तर सुट्टीच्या दिवशी किल्ली कुणाकडे असते ते या आठवड्यातच विचारून घ्या.